रिपोर्ट नॉर्मल आहे, मग हे काय?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलं आहे.)

मागच्या भागानंतर जे प्रश्न आले, त्यातला एक प्रश्न जवळजवळ सगळ्यांनी आपापल्या शब्दांत विचारलाय. "डॉक्टर, सोरायसिस किती आहे हे रक्तातून कळतं का?" कुणी सीआरपीचा रिपोर्ट पाठवलाय, कुणी ईएसआरचा. एका ताईंनी तर सीबीसीचा अख्खा कागद पाठवून विचारलंय, की यातला न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटचा आकडा वाढलाय, म्हणजे आजार आत पसरलाय का. म्हणून म्हटलं आज याच्यावरच बोलू. आणि या विषयावर बोलायचं तर मला माझी एक चूकही सांगावी लागेल. ती मधे कुठेतरी येईल, सुरुवातीलाच नको.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे येणारा पेशंट खुर्चीवर बसता बसता एक वाक्य हमखास बोलतो: "डॉक्टर, रक्त खराब झालंय हो माझं." अंगावर चट्टे उठले म्हणजे रक्तात दोष, हे आपल्याकडे आजीपासून चालत आलंय. कडुनिंबाचा रस, काढे, रक्त शुद्ध करणारी बाटली, हे सगळं करून माणूस माझ्यापर्यंत पोचतो. मग मी तपासतो, कोपर बघतो, डोक्यातला कोंडा बघतो, नखं बघतो आणि सांगतो, सोरायसिस आहे. त्यावर लगेच पुढचा प्रश्न, "मग रक्त नाही का तपासणार?" निदानासाठी रक्ताची गरज नाही म्हटलं, की त्याच्या चेहऱ्यावर थोडी निराशाच दिसते. डोळ्यांनी बघून सांगितलेलं आणि मशीनमधून छापून आलेलं, यात आपला विश्वास कशावर बसतो ते तुम्हाला ठाऊकच आहे.

गंमत अशी, की "रक्तात काहीतरी आहे" हे म्हणणं अगदीच खोटं नाही. पूर्वी डॉक्टरमंडळीसुद्धा सोरायसिसला निव्वळ कातडीचा आजार समजायची. कातडीच्या पेशी जास्त वेगाने वाढतात, बस. निरोगी त्वचेत तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळायला साधारण महिना लागतो, सोरायसिसच्या चट्ट्यात तेच काम चारपाच दिवसांत उरकतं. म्हणून खपल्या. पण १९७९ साली एक गोष्ट लक्षात आली. सायक्लोस्पोरिन नावाचं औषध, जे प्रतिकारशक्तीच्या टी पेशींना आवरतं, ते सांध्यांच्या आजारासाठी काही पेशंटना दिलं होतं आणि त्यांचा सोरायसिसही साफ झाला. म्हणजे मूळ कातडीत नव्हतं, कातडीला भडकवणाऱ्या पेशींत होतं. तिथून पुढे टीएनएफ, मग इंटरल्युकिन २३ आणि १७ अशी नावं येत गेली. आजची महागडी इंजेक्शनं याच रेणूंना पकडतात.

तर आजार प्रतिकारशक्तीचा आहे आणि दाह आहे. दाह आहे म्हटल्यावर रक्तात त्याची खूण सापडेल, ही अपेक्षा रास्त आहे. सापडतेही. पण किती, कुणात, आणि त्यावर किती भिस्त ठेवायची, सगळा घोळ इथे आहे.

आधी या चाचण्या काय मोजतात ते बघू. ईएसआर ही सगळ्यात जुनी. रक्त एका उभ्या बारीक नळीत ठेवायचं आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं. शंभर वर्षांपूर्वी स्वीडनच्या वेस्टरग्रेन यांनी जी पद्धत बसवून दिली तिचंच नाव अजून तुमच्या रिपोर्टवर छापलेलं असतं, बघा कधी. दाह असला की रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं वाढतात, लाल पेशी एकमेकींना चिकटून चवड होते आणि ती लवकर खाली बसते. इतकं साधं. पण रक्त कमी असेल तरी ईएसआर वाढतो, वय वाढलं तरी वाढतो, गरोदरपणात वाढतो. आपल्याकडच्या किती बायकांचं हिमोग्लोबिन बाराच्या वर असतं? मग पन्नाशीच्या, हिमोग्लोबिन नऊ असलेल्या बाईचा ईएसआर ४० आला तर तो सोरायसिसचा म्हणायचा, रक्तक्षयाचा म्हणायचा की वयाचा? मला विचाराल तर सोरायसिस किती आहे ते ठरवायला ईएसआरवर पैसे घालवू नका.

सीआरपी जरा बरा. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना तो न्यूमोनियाच्या पेशंटांच्या रक्तात सापडला. न्यूमोनियाच्या जंतूच्या पेशीभित्तीतला 'सी' नावाचा एक पदार्थ होता, त्याच्याशी हे प्रथिन चिकटायचं, म्हणून सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. ते बनतं यकृतात. शरीरात कुठेही दाह झाला, की इंटरल्युकिन ६ हा निरोप घेऊन यकृताकडे जातो आणि यकृत सीआरपी ओतायला लागतं. सहा-आठ तासांत आकडा चढायला लागतो, दोन दिवसांत शिखर गाठतो. आणि कारण संपलं की साधारण १९ तासांनी निम्मा, पुढच्या १९ तासांनी त्याच्या निम्मा, असा उतरतो.

आता "कुठेही" हा शब्द लक्षात ठेवा. देवळातली घंटा वाजली एवढं तुम्हाला घरात बसून ऐकू येतं. आरती सुरू झाली, की कुणी नवस फेडायला आलं, की पोरांनी दोरी ओढली, ते घंटेच्या आवाजावरून कळत नाही. सीआरपी तसाच. सर्दीखोकला, लघवीचा संसर्ग, किडलेली दाढ, पायाला झालेली जखम, सगळ्यांची घंटा एकच. शिवाय पोटाचा घेर. पोटावरची चरबी स्वतः इंटरल्युकिन ६ तयार करते, त्यामुळे वजनदार माणसाचा सीआरपी काहीच आजार नसताना थोडा वरच राहतो. आणि सोरायसिसच्या पेशंटांत वजनदार माणसं जास्त असतात. म्हणजे आकडा वाढलेला दिसला तर त्यातला कातडीचा वाटा किती आणि पोटाचा किती, हे वेगळं काढणं जवळजवळ अशक्य.

बरं, वाढतो तरी किती? जिवाणूंच्या मोठ्या संसर्गात सीआरपी शंभराच्या वर जातो. नेहमीच्या चट्ट्यांच्या सोरायसिसमध्ये तो पुष्कळांचा नॉर्मलच असतो आणि वाढला तर थोडासा. कारण इथे कातडीत जी भांडणं चालू असतात ती मुख्यतः इंटरल्युकिन २३ आणि १७ यांची, आणि बरीचशी तिथल्या तिथेच. यकृतापर्यंत त्यातला थोडाच निरोप पोचतो. याला अपवाद दोन. एक, अंगभर पुवाच्या बारीक पुळ्या उठतात तो पस्चुलर प्रकार, आणि दुसरा, डोक्यापासून पायापर्यंत सगळी कातडी लाल होऊन सोलते तो एरिथ्रोडर्मा. यात ताप येतो, थंडी वाजते, सीआरपी आणि पांढऱ्या पेशी दोन्ही चढतात, आणि माणसाला अ‍ॅडमिट करावं लागतं. पण तिथेही मी रिपोर्टची वाट बघत बसत नाही. दारातून आत येतानाच कळतं.

तिसरा आकडा म्हणजे ताईंनी विचारलेला, न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट. याचं आकर्षण असं, की वेगळे पैसे पडत नाहीत. सीबीसी तर सगळेच करतात, त्यातच न्यूट्रोफिल ६०, लिम्फोसाइट ३० असं लिहिलेलं असतं; भागाकार करा, २ आला. साधारण एक ते तीनच्या मधे चालतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत यावर ढीगभर निबंध आले, तुर्कस्तानातून तर खूपच. सोरायसिस असलेल्यांचा हा भागाकार नसलेल्यांपेक्षा सरासरीने जास्त येतो, यावर बऱ्यापैकी एकमत आहे. पण आजार जितका जास्त तितका आकडा जास्त, हे काही अभ्यासांत दिसतं, काहींत दिसत नाही, आणि दिसतं तिथेही नातं सैलच.

इथे थोडं थांबतो, कारण "सरासरीने जास्त" या शब्दांवर भले भले घसरतात. समजा कोल्हापूरच्या एखाद्या तालमीतल्या पोरांची वजनं घेतली आणि शेजारच्या कॉलेजातल्या पोरांची घेतली. तालमीतली सरासरी जास्त येणार यात शंका नाही. म्हणून उद्या वजनकाट्यावर ८० किलोचा माणूस उभा राहिला तर तो पैलवान आहे असं म्हणाल का? तो बँकेत कॅशियर असेल. आणि ५७ किलो गटातला चपळ मल्ल तुमच्या काट्यावर पैलवान ठरणारच नाही. अभ्यासात दोन गटांमधला फरक खरा असतो. पण तुमच्या हातातला कागद एका माणसाचा असतो.

आता तुम्ही म्हणाल, रक्तात नाही तर मग मोजता कशात? त्याला पासी म्हणतात. १९७८ साली फ्रेडरिकसन आणि पेटरसन यांनी बसवलेलं गणित. शरीराचे चार भाग: डोकं, हात, धड, पाय. त्यांना वजन दिलंय अनुक्रमे ०.१, ०.२, ०.३ आणि ०.४. प्रत्येक भागात लाली किती, जाडी किती, खपली किती, या तिन्हींना शून्य ते चार गुण, आणि किती टक्के जागा व्यापली त्याला शून्य ते सहा. समजा पायांवर लाली ३, जाडी २, खपली २, बेरीज ७. व्याप्ती तीस ते पन्नास टक्क्यांच्या मधे, म्हणजे ३ गुण. सात त्रिक एकवीस, गुणिले ०.४, आले ८.४. असे चारही भाग मिळवायचे. जास्तीत जास्त ७२ होतात. दहाच्या वर गेलं की आम्ही आजार बळावला म्हणतो आणि नुसत्या मलमांवर न थांबता गोळ्या-इंजेक्शनांचा विचार करतो. घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर स्वतःचा पंजा वापरा. बोटं मिटवलेला तुमचा पंजा म्हणजे तुमच्या अंगाचा साधारण एक टक्का.

पासीतही खोट आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. एखाद्याला फक्त तळहात आणि तळपायांवर आहे. भेगा पडल्यात, रक्त येतंय, हाताने भाकरी थापता येत नाही, चप्पल घालता येत नाही. आता गणित करा. तळहात म्हणजे हातांच्या एकूण कातडीच्या दहा टक्क्यांहून कमी, म्हणजे व्याप्तीचा गुण १. लाली-जाडी-खपली सगळं कमाल धरलं, १२. गुणिले ०.२, झाले २.४. पायांचेही तसेच, ४.८. बेरीज ७.२. म्हणजे या माणसाचे तळवे यापेक्षा वाईट होऊच शकत नाहीत अशी स्थिती असली, तरी तो कागदावर दहाला पोचत नाही. शिवाय लाली. गोऱ्या कातडीवर जे टोमॅटोसारखं लाल दिसतं, ते आपल्या सावळ्या कातडीवर जांभळट, तपकिरी दिसतं, आणि गुण देणारा सहज एक गुण कमी देऊन जातो. म्हणून आम्ही दुसरी एक दहा प्रश्नांची यादी विचारतो: खाज किती, कपडे निवडताना अडचण होते का, कामावर किती त्रास झाला, जवळच्या माणसांशी संबंधांत अडचण आली का, वगैरे. तीस गुणांचं असतं. तिथेही दहाच्या वर गेलं तर पासी काहीही असो, आजार मोठाच धरायचा.

आता माझी चूक.

काही वर्षांपूर्वी एक प्राथमिक शाळेतल्या बाई माझ्याकडे यायच्या. वय अडतीस. गुडघ्यांवर, कोपरांवर मोजके चट्टे, डोक्यात थोडं. पासी तीनच्या आसपास. मलमावर छान चाललं होतं. एकदा त्या म्हणाल्या, सकाळी उठल्यावर टाचा दुखतात, पहिली पाच-दहा पावलं टाकवत नाहीत, आणि बोटं आखडल्यासारखी होतात. मी सीआरपी, ईएसआर आणि संधिवाताचा आरए फॅक्टर करायला सांगितलं. सीआरपी ३ च्या जवळपास आला, ईएसआर १८, आरए निगेटिव्ह. मी रिपोर्ट बघितला, हसून म्हणालो, "बाई, सगळं नॉर्मल आहे. दिवसभर वर्गात उभ्या असता, त्याचं आहे. मऊ चप्पल वापरा." आणि फाइलमध्ये तसं लिहिलंसुद्धा. माझ्याच अक्षरात ते अजून आहे.

त्यांची नखं मी पाहिली होती. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. ते मी सोरायसिसचे म्हणून नोंदवले होते. टाचेचं आणि नखाचं एकत्र करून बघितलं नाही, कारण कागदावर "नॉर्मल" होतं.

सव्वा वर्षाने त्या परत आल्या. उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून शेंड्यापर्यंत सारखं फुगलं होतं. नुसता सांधा नव्हे, अख्खं बोट. खडू धरता येत नव्हता. मुठीत धरून लिहीत होत्या, पहिलीतली मुलं धरतात तसा. एक्सरे काढला तर बोटाच्या सांध्याच्या कडेचं हाड कुरतडलेलं. सोरायटिक आर्थ्रायटिस. त्या दिवशीसुद्धा सीआरपी केला, पुन्हा चारच्या आत. त्या शांतपणे एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच म्हणाला होतात ना, काही नाही म्हणून?"

मी काय बोलणार होतो?

सोरायसिस असलेल्या दहा जणांतल्या दोनतीन जणांना पुढेमागे सांध्यांचा आजार होतो. आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांचा सीआरपी नॉर्मल असतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. आरए निगेटिव्ह येणं तर या आजारात नेहमीचंच, तो वेगळ्याच संधिवाताचा. निदान करायला सहा महिने उशीर झाला तरी पुढे सांध्याचं नुकसान वाढतं. मी तर सव्वा वर्ष घालवलं, आणि कुरतडलेलं हाड परत भरून येत नाही. वाढलेला सीआरपी इथे उपयोगी पडतो तो वेगळ्या अर्थाने: सांधे दुखतायत आणि सीआरपीही चढलाय, अशा माणसाच्या हाडाला धोका जास्त, तिथे घाई करायची. पण चढला नाही म्हणून सांधे सुटले, हा उलटा निष्कर्ष काढायचा नाही. मी तोच काढला होता.

तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटला, मग तो नुसतं मलम न्यायला आलेला का असेना, पाच गोष्टी विचारतो. कधी एखादा सांधा सुजला होता का? कुणा डॉक्टरने संधिवात आहे असं सांगितलं होतं का? नखांवर खड्डे आहेत का? टाच दुखते का? आणि हाताचं किंवा पायाचं एखादं बोट काही मार न लागता पूर्ण सुजून दुखलं होतं का? तीन उत्तरं "हो" आली की संधिवाततज्ज्ञांकडे चिठ्ठी. दोन मिनिटं लागतात, सुई लागत नाही. ऐकणाऱ्यांपैकी ज्यांना सोरायसिस आहे त्यांनी आत्ताच मनातल्या मनात उत्तरं देऊन टाका. आणि ज्यांची कंबर पहाटे पहाटे दुखून झोपमोड होते आणि उठून चालल्यावर बरी वाटते, त्यांनी तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. बाकी आपली कंबरदुखी उलटी असते, पडून राहिलं की बरं वाटतं.

दुसरी गोष्ट एका काकांची. निवृत्त माणूस, आयुष्य हिशेबात गेलेलं. त्यांनी चौकटीच्या वहीत सीआरपीचा आलेख काढला होता. दर महिन्याला स्वतःच लॅबमध्ये जाऊन करायचे. एकदा घाबरून आले, म्हणाले, "०.९ वरून एकदम ७ झालाय, आठपट!" मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पहिल्या लॅबचा आकडा होता मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, दुसरीचा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. ०.९ म्हणजे दुसऱ्या मापात ९. म्हणजे नऊवरून सातवर आला होता, उतरला होता! काका हसले आणि आलेख खोडला. तुम्हीही आकड्याशेजारचं एकक वाचत जा, लॅब बदलली की हमखास घोटाळा होतो.

पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. दोनतीन महिन्यांनी त्यांचा सीआरपी २८ आला. मी गावाला गेलो होतो. काकांनी ठरवलं, सोरायसिस उसळणार. कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून सुरू केल्या. आठ दिवसांत चट्टे विरले, काका खूश. सीबीसी केला तर न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटचा भागाकार मात्र पाचच्या वर. स्टेरॉइडने तो वाढतोच: न्यूट्रोफिल रक्तात उतरतात आणि लिम्फोसाइट कमी होतात. म्हणजे त्वचा सुधारतेय आणि आकडा बिघडतोय. घाबरून त्यांनी गोळ्या एकदम बंद केल्या. तीन आठवड्यांत पाठ, पोट, मांड्या, सगळीकडे चट्टे, आधीपेक्षा दुप्पट. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं अचानक थांबवली की सोरायसिस असा उलटतो, कधी कधी मघाशी सांगितलेल्या पस्चुलर प्रकारावर जातो. काका त्यातून वाचले एवढंच.

आणि तो २८ कशाचा होता? खालच्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता. गाल दुखतोय हे ते मला तिसऱ्या भेटीत, जाता जाता, दाराशी उभं राहून म्हणाले.

असं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल हा डॉक्टर रक्त तपासूच नका म्हणतोय. नाही, उलट आहे. काही रिपोर्ट असे आहेत की जे टाळले तर मी रागावतो. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर सीबीसी, यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या ठरलेल्या दिवशी झाल्याच पाहिजेत. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, ठरलेल्या वारी. रोज घेतली तर पांढऱ्या पेशी खाली बसतात आणि जिवावर बेततं. घरात आणखी कुणी औषधं काढून देत असेल तर त्यालाही हा वार सांगून ठेवा. बायोलॉजिक इंजेक्शनं सुरू करण्याआधी क्षयरोगाची आणि कावीळ बीची तपासणी, आपल्या देशात तर नक्कीच. १४-१५ वर्षांच्या मुलाच्या अंगावर घसा दुखून गेल्यावर थेंबाथेंबासारखे चट्टे उठले, तर घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसचा माग काढायला रक्ताचा उपयोग होतो.

आणि साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब. हे मी आधी फारसं बघत नव्हतो, म्हणायचो ते फिजिशियनचं काम. २००६ साली ब्रिटनमधल्या मोठ्या नोंदींवरून गेलफंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या माणसाला हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्याच्या वयाच्या इतरांच्या तिप्पट असू शकतो. तिशीत मुळात धोका कमी असतो, त्याचा तिप्पट, हे खरं. तरी आकडा विसरता येत नाही. २०१८च्या अमेरिकी कोलेस्टेरॉल मार्गदर्शनात सोरायसिसला धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये स्पष्ट जागा दिली आहे. त्याच यादीत हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपीही आहे, २ किंवा त्याहून जास्त असेल तर. म्हणजे बघा, सीआरपीचा खरा उपयोग इथे आहे: कातडी किती बिघडली ते सांगायला नव्हे, हृदयाचा हिशेब मांडायला. तोही सर्दी, दाढ, जखम काही नसताना, स्वस्थ असताना केलेला. नेहमीचा सीआरपी आणि हा वेगळा, लॅबला तसं सांगावं लागतं.

म्हणून माझ्याकडे आता काउंटरवर कापडी टेप असते. पोटाचा घेर मोजतो. पुरुषमंडळी लाजतात, श्वास आत घेतात. मी म्हणतो सोडा श्वास, मी वाट बघतो.

ज्या ताईंनी सीबीसी पाठवला होता त्यांच्यासाठी: तुमचा भागाकार ३.४ येतोय आणि तुम्हीच लिहिलंय की त्या आठवड्यात ताप होता. ताप गेल्यावर काय येतो ते बघायलाही पुन्हा सीबीसी करू नका. त्यापेक्षा तुमच्या नखांचे फोटो उजेडात, खिडकीपाशी काढून तुमच्या डॉक्टरांना दाखवा. तुम्ही पत्रात शेवटच्या ओळीत टाचेचं लिहिलंय. ते त्यांना पहिल्या ओळीत सांगा.

आणि त्या शाळेतल्या बाई. त्यांना संधिवाततज्ज्ञांनी आधी मेथोट्रेक्सेट दिलं, पुरेसा फरक पडेना म्हणून मग अ‍ॅडालिमुमॅब सुरू केलं. २०१४ पासून त्याचे भारतीय बनावटीचे पर्याय मिळतात, त्यामुळे निदान विचार तरी करता येतो, तरी खर्च सोपा नाहीच. सूज उतरली. बोट पूर्ण वळत नाही, पण खडू धरता येतो, तीन बोटांत. अजूनही कातडीच्या मलमासाठी माझ्याकडेच येतात, याचं मला नवल वाटतं. मागच्या महिन्यात आल्या तेव्हा त्यांनी आपणहून दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, नखं वर करून, आणि म्हणाल्या, "आधी हे बघा, मग कागद."

पुढच्या भागात मेथोट्रेक्सेटबद्दल आलेले प्रश्न घेऊ. दारू चालते का, मूल हवं असेल तर कधी थांबवायचं, फॉलिक अ‍ॅसिड कोणत्या वारी, हे सगळं. तुमचे प्रश्न पाठवत राहा. नमस्कार.